सुतक नसलेले नाते

वर्गमित्राच्या मृत्यूचे सुतक नसते. भावकीतला माणूस गेला तर दहा दिवस घरातली देवपूजा थांबते. पण ज्याच्या मांडीला मांडी लावून शाळेची दहा वर्षे काढली, तो गेला तर माणसाने अंघोळ करून संध्याकाळी दुकान उघडायला कोणाची हरकत नसते. मडके धरायला मुलगा असतो, खांद्याला भाऊबंद असतात, कोणी कुठे बसायचे हे नात्याने ठरलेले असते. वर्गमित्राला यातले काहीच नेमून दिलेले नाही. तो येतो, सरणावर एक गोवरी ठेवतो आणि मागे जाऊन उभा राहतो.

शास्त्राने त्याला अगदीच वगळले आहे असे मात्र नाही. पितृपंधरवड्यातल्या महालय श्राद्धात ज्यांना पिंड द्यायचे त्यांची यादी आईवडिलांपासून सुरू होते, काका, मामा, आत्या, सासरा करत शेवटाकडे येते आणि तिथे गुरू, शिष्य, आप्त यांच्या सोबतीला ‘सखा’ उभा असतो. पुरोहित घाईत असला तर यादीची ही शेपटी एका दमात उरकली जाते. तेवढीच काय ती मित्राची जागा.

वाशिम जिल्ह्यात या नात्याने गेल्या काही वर्षांत आपला विधी आपणच घडवून घेतला आहे. त्याला पोथी नाही, पण क्रम आहे. हा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. वाशिम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा हे त्याचे सहा तालुके. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ११ लाख ९७ हजार, आणि त्यातली बहुतेक खेड्यांत. प्राथमिक शाळा गावोगाव असली तरी हायस्कूल आठ-दहा गावांत एक, म्हणून इथला दहावीचा वर्ग म्हणजे एका गल्लीतली पोरे नव्हेत. कोणी पायी, कोणी सायकलवर, कोणी एसटीने येऊन एका खोलीत बसलेली ती आठ-दहा गावे असतात. दहावीची पहिली बॅच १९७५ ची. ती आता पासष्टी ओलांडून गेली. नव्वदच्या दशकातल्या बॅच पन्नाशीच्या आगेमागे आहेत, आणि याच वयात हजेरीतली नावे गळू लागतात. कोणाला हृदयविकाराने नेले, कोणाला दुचाकीच्या अपघाताने, कोणाला २०२१ च्या कोरोनाने. काहींबद्दल कारण विचारायचे नसते हे सगळ्यांना ठाऊक असते.

‘खरं आहे का बे?’

बातमी फोनवर येते आणि ती बहुधा प्रश्नाचे रूप घेऊन येते: ‘खरं आहे का बे?’ विचारणाऱ्याला खरे असल्याचे कळलेले असते. त्याला कोणीतरी ‘नाही’ म्हणावे असे वाटत असते. मग गावातल्या एखाद्याला फोन जातो, तो त्या घराच्या दारातूनच बोलत असतो, आणि मागून येणारा आवाज ऐकून पुढचे विचारायची गरज उरत नाही. त्यानंतर बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ओळ पडते. पहिल्या तासात जोडलेल्या हातांची रांग लागते. दुसऱ्या तासात कोणीतरी दहावीचा ग्रुप फोटो टाकतो, त्यातल्या मागच्या रांगेतल्या एका चेहऱ्याभोवती लाल गोल काढलेला असतो. खेड्यातल्या त्या काळच्या मुलाचा शाळेतला फोटो बहुधा हा एकच. श्रद्धांजलीच्या फलकावर जो चेहरा लागतो तो लग्नाच्या अल्बममधून कापून घेतलेला, म्हणून कपाळावर मुंडावळीची एक लड राहून गेलेली दिसते.

अंत्यविधी खेड्यात काही तासांत उरकतो. तेवढ्या वेळात कोण पोचू शकतो यावर बॅचचा नकाशा उमटतो. गावाजवळचे आधी येतात: जिल्हा परिषदेच्या शाळेतला मास्तर, कृषी केंद्राचा मालक, एसटीचा वाहक, औषधाच्या दुकानातला. २०२२ च्या डिसेंबरात समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाल्यापासून नागपूरचा मित्रही कारंजा किंवा शेलूबाजारजवळ उतरून कधीकधी वेळेत पोचतो. पुण्याच्या कंपन्यांतले अडकतात. त्यांच्या आणि वाशिमच्या मध्ये ट्रॅव्हल्सची एक अख्खी रात्र आहे. ते तेरवीला येतात, आणि तेरवीला आलेला माणूस ‘शेवटचं तोंड पाहायला नाही भेटलं’ हे वाक्य पुढे बरीच वर्षे बाळगतो.

वर्गातल्या मुलींचे काय, हा या विधीतला सर्वांत कच्चा धागा. मुलगी दहावी-बारावीनंतर सासरी जाते, नाव बदलते, आडनाव बदलते. बॅचच्या ग्रुपवर ती असलीच तर नवऱ्याच्या आडनावाने, आणि बऱ्याचदा नसतेच. ती गेली तर बातमी माहेरच्या गावातून, कोणाच्या तरी लग्नात, आठ-दहा महिन्यांनी कळते. ती बाई म्हणजे आपल्या वर्गातली अमुक हे जुळवायलाही वेळ लागतो. मग ‘तीच का, जी सगळ्यांना वह्या द्यायची?’ एवढाच प्रश्न होतो आणि विषय जेवणाकडे वळतो. मुलांसाठी फलक लागतो, मुलींसाठी लागत नाही. हे कोणी ठरवून केलेले नाही, पण होते ते असेच.

ग्रुपवर गेलेल्याचा नंबर तसाच राहतो. तो काढून टाकायला कोणाचे बोट धजत नाही. पण यंत्राला सुतकही कळत नाही आणि मैत्रीही. साधारण १२० दिवस वापर झाला नाही की व्हॉट्सॲप खाते आपोआप पुसले जाते, आणि चार महिन्यांनी एखाद्या दुपारी ग्रुपवर ओळ उमटते की अमुक यांनी ग्रुप सोडला. रिचार्ज संपून बंद पडलेला मोबाइल क्रमांक किमान ९० दिवस पडून राहतो, नंतर कंपनी तो दुसऱ्याला देऊ शकते. मित्राच्या नावाने जतन केलेल्या नंबरासमोर मग एखाद्या दिवशी अनोळखी बाळाचा फोटो झळकतो. तेरवीला न रडलेली माणसे अशा दुपारी रडतात.

एका बाकाचे निरनिराळे विधी

घरचा शोक जातीधर्माने वाटलेला असतो, वर्गाचा नसतो. वाशिमसारख्या जिल्ह्यात हे चटकन डोळ्यांत भरते. शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथ, कारंजात नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान आणि जुनी जैन मंदिरे, मानोरा तालुक्यात बंजारा समाजाची पोहरादेवी, मंगरूळपीरच्या नावातच पीर. हायस्कूलच्या एका बाकावर कुणबी, बौद्ध, मुसलमान, बंजारा, जैन, माळी, धनगर असे कोणीही शेजारी-शेजारी येऊन बसते. घरी परतल्यावर ज्यांच्या पंगती वेगळ्या, त्यांचा डबा शाळेत एक असायचा.

त्यामुळे एकाच बॅचला निरनिराळे विधी शिकावे लागतात. हिंदू घरात रक्षा सावडायला सकाळी लवकर जायचे असते. वाशिम शहरातल्या माणसाची पावले अस्थी घेऊन पद्मतीर्थाकडे वळतात. दहावा, तेरवी, मग वर्षश्राद्ध. मुसलमान मित्राच्या घरी तिसऱ्या दिवशीची जियारत आणि पुढे चाळिसावा. कब्रस्तानात तीन मुठी माती द्यायची असते, आणि कबरीपाशी टोपी नसेल तर डोक्यावर रुमाल बांधून उभे राहिले तरी चालते, हे बाकीच्यांना एखाद्या मित्रानेच शिकवलेले असते. बौद्ध घरात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम असतो, त्रिसरण-पंचशील होते, आणि तिथे जमलेल्यांतून बोलायला उठण्याची रीत आहे. जैन घरी उठावणा होतो. बंजारा तांड्यावर शोक गोरमाटी बोलीत चालतो. शेजारी बसून वर्गात उचललेल्या चार-दोन शब्दांवर मित्र त्याचा अंदाज घेतो.

या सगळ्यांत वर्गमित्रांना मोकळेपणाने बोलायला मिळते ते पुण्यानुमोदनात. तेरवीला बोलायची पद्धत नाही, जेवायची आहे: पोळी, वरण, भात, वांग्याची भाजी, बुंदी. पंगतीत शेजारी बसलेले चार जुने मित्र पत्रावळीकडे पाहत हळू आवाजात एकच गोष्ट सांगत असतात, की गेलेला भला होता.

भला म्हणजे नेमके काय

‘लय भला होता बापा.’ वऱ्हाडात हे वाक्य कोणाच्याही मयतीला म्हटले जाते, त्यामुळे त्याने काही कळत नाही. खरा भला कोण होता हे पुढच्या वाक्यावरून ओळखावे. पुढे गुणवर्णन आले, म्हणजे स्वभावाने शांत, सर्वांशी मिळून मिसळून, तर समजावे की सांगणाऱ्याला नीट आठवत नाही. पुढे एखादी वस्तू आली, म्हणजे कंपास, सायकल, रेनकोट, खाकी चड्डी, अर्धी भाकर, तर ती आठवण पक्की आहे. दयाळूपणा हा शब्द शाळकरी पोरांच्या बोलण्यात नव्हताच, वस्तू होत्या.

त्या वस्तूंची किंमत समजायला तेव्हाच्या शाळेची घडी ध्यानात घ्यावी लागते. हायस्कूल लांब असे. एसटीचा विद्यार्थी पास असला तरी सवलत जाऊन उरलेल्या तिसऱ्या हिश्श्याचे पैसे महिन्याच्या सुरुवातीला एकरकमी भरावे लागत, आणि कापूस विकला गेला नाही तर ते घरात नसत. ज्याच्याकडे सायकल होती तो दांडीवर एकाला आणि कॅरिअरवर एकाला घेई. पाऊस लागला की काळ्या रानातला चिखल मडगार्डात भरून चाक फिरेनासे होई, मग सायकलच खांद्यावर येई. अशा रस्त्याने दोन वर्षे डबलसीट नेणे हा लहान उपकार नव्हे, पण केला त्याने तो कधी मोजलेला नसतो.

बोर्डाच्या परीक्षेआधी अपेक्षित प्रश्नसंच वर्गात दोघा-तिघांकडे असत. एकजण तो रात्री वाचायला देई आणि सकाळी परत घेई. ज्याच्याकडे दिवाबत्तीची सोय नाही त्याला आपल्या ओसरीवर झोपायला बोलावी. मित्राची माय मग दोघांना एकाच ताटात वाढी. आज त्या माउलीसमोर तेरवीला बसलेले पन्नाशीचे गृहस्थ मान वर करू शकत नाहीत, त्याचे कारण त्या ताटात आहे.

आणि हजेरी. ऑगस्ट १९९५ मध्ये प्राथमिक शाळांतून पोषण आहाराची योजना सुरू झाली तेव्हा शिजवलेली खिचडी नव्हती; महिन्याकाठी तीन किलो तांदूळ मिळे, आणि तो मिळायला ८० टक्के हजेरी लागे. कापूस वेचणीच्या दिवसांत घरची पोरे रानात असत. अशा वेळी गुरुजींनी नाव पुकारले आणि मागच्या बाकावरून दुसऱ्याच कोणी तोंड लपवून ‘हजर’ म्हटले, तर ती नुसती खोडी नव्हती, एका घराच्या तांदळाचा प्रश्न त्यात होता. गुरुजींना आवाज ओळखू येत नसेल असे मानणे कठीण आहे. शासकीय दप्तराच्या दृष्टीने ही लबाडीच, तरी आठवणी सांगताना असे प्रसंग भलेपणाच्या खात्यावर जमा होतात, आणि ते योग्यच वाटते.

अकोल्याच्या शाळेतला एक विद्यार्थी

मित्राच्या मृत्यूवर लिहावे कसे, याचा मराठीतला एक मोठा धडा या भागाशी दुरून जोडलेला आहे. वाशिम ज्या अकोल्यातून फुटला त्या अकोल्यात गोपाळ गणेश आगरकर शिकले. जन्म १८५६ चा, कऱ्हाडजवळच्या टेंभूचा. घरची परिस्थिती इतकी बेताची की शिक्षणासाठी गावोगाव फिरणे झाले. अकोल्यात विष्णु मोरेश्वर महाजनींसारख्या शिक्षकाचा आधार मिळाला, तिथून ते मॅट्रिक होऊन पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेले. एकच सदरा रात्री धुऊन सकाळी घालायचा, ही त्यांची गोष्ट मराठी शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली आहे.

डेक्कन कॉलेजात त्यांची बाळ गंगाधर टिळकांशी गाठ पडली. पुढचे सर्वश्रुत आहे. न्यू इंग्लिश स्कूल १८८० मध्ये, ‘केसरी’ १८८१ मध्ये, त्याचे पहिले संपादक आगरकर. १८८२ मध्ये कोल्हापूरच्या बदनामी खटल्यात दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. नंतर आधी सामाजिक सुधारणा की आधी राजकीय या वादात मैत्री तुटली, आगरकरांचा ‘सुधारक’ निघाला आणि दोघांनी एकमेकांवर जहरी लिहिले. १७ जून १८९५ रोजी आगरकर गेले, वय अवघे ३८. ‘केसरी’त मृत्युलेख टिळकांनी लिहिला.

मतभेद झाकले नाहीत आणि मैत्रीही नाकारली नाही, हे त्या लेखाचे मोठेपण. आजच्या बॅचच्या ग्रुपवर नेमके हेच जमत नाही. ज्याच्याशी बांधाच्या किंवा ग्रामपंचायतीच्या निवडणुकीच्या वादातून दहा वर्षे अबोला होता, तो गेल्यावर तोच ‘जिवलग मित्र हरपला’ असे लिहितो. अबोला होता, तरी दांडीवर बसवून शाळेत त्यानेच नेले होते, एवढे लिहिले तर ते खरे होईल आणि पुरेही.

पासबुकातले ४३६ रुपये

तेरवीनंतर पाहुणे पांगतात आणि कागद सुरू होतात. वर्गमित्र कामाला येतो तो इथे. दुःखाच्या दिवसांत भाऊबंदांना शेतीच्या वाटणीची चिंता असते, सासरच्यांना मुलीची. कागदाकडे शांत डोक्याने पाहायला ज्याचा वारसाहक्क नाही असा माणूस लागतो. वर्गमित्र तसा असतो. आणि एका बॅचमध्ये तलाठी कार्यालयातला, बँकेतला, पंचायत समितीतला, सेतू केंद्र चालवणारा असा एकेकजण बहुधा निघतोच.

पहिले काम पासबुक भरून आणण्याचे. त्यात मे-जूनच्या सुमाराला ४३६ रुपयांची कपात दिसते का ते पाहायचे. ती प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेची: मृत्यू कोणत्याही कारणाने झाला तरी वारसाला दोन लाख. २० रुपयांची कपात दिसली तर ती सुरक्षा विमा योजना, तिचे दोन लाख अपघाती मृत्यूला. विम्याचे वर्ष १ जून ते ३१ मे. खाते उघडताना फॉर्मवर केलेल्या एका सहीने हे पैसे दरवर्षी कापले जातात आणि घरच्यांना, विशेषतः बायकोला, त्याचा पत्ता नसतो. हप्ता भरलेली, पण दावा न केलेली घरे यामुळेच राहतात.

त्याआधी मृत्यूची नोंद. २१ दिवसांत ती विनासायास होते, नंतर विलंबाचे सोपस्कार मागे लागतात. शेतकऱ्याचा अपघात असेल, म्हणजे रस्त्यावर, वीज पडून, साप चावून, विहिरीत पडून, मोटारीचा शॉक लागून, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत दोन लाख मिळतात. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे, मुदत ३० दिवस. तीस दिवसांतले तेरा तेरवीतच जातात. सातबारा, वारसाचे कागद आणि मृत्यूचे कारण सांगणारा पोलिसांचा किंवा डॉक्टरांचा कागद लागतो. शेवटचा कागद पहिल्या काही तासांतच तयार होऊ शकतो. शोकात बुडालेले घर ‘आता कशाला चिरफाड’ म्हणते, आणि ‘वैनी, लागते ते’ असे सांगायचे कठीण काम करणारा बहुधा एखादा मित्रच असतो. त्या क्षणी तो घरच्यांना निर्दय वाटतो.

दारिद्र्यरेषेखालच्या घरातला १८ ते ५९ वयाचा कर्ता गेला तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे २० हजार एकरकमी. विधवेला संजय गांधी निराधार योजनेत महिना १,५०० रुपये. लहान मुलांसाठी बालसंगोपन योजनेत महिना २,२५०. प्रत्येकाला वेगळे कार्यालय, उत्पन्नाचा दाखला आणि फोटो. यातले काही तहसीलला, काही जिल्ह्याला. सोयाबीनची सोंगणी चालू असताना ती बाई किती हेलपाटे घालणार? मित्राच्या मोटारसायकलवर फाइल जाते-येते, त्यातून बरेच काही सुटते.

वारसनोंद हे सर्वांत लांबणारे काम. मृत्यूनंतर तीन महिन्यांत तलाठ्याकडे अर्ज द्यायचा असतो, तरी कित्येक सातबाऱ्यांवर मेलेल्यांची नावे वर्षानुवर्षे राहतात. २०२५ मध्ये राज्यभर ‘जिवंत सातबारा’ मोहीम काढावी लागली ती यामुळेच. पीककर्ज, पीकविमा, अतिवृष्टीची मदत सगळे सातबाऱ्यावरच्या नावाला चिकटलेले असते; नाव मेलेल्याचे असेल तर जिवंताची गाडी अडते.

आत्महत्येच्या घरी गोष्ट आणखी अवघड असते. २००६ मध्ये पंतप्रधानांचे पॅकेज ज्या सहा जिल्ह्यांसाठी आले, त्यांत वाशिम होता. शेतकरी आत्महत्या मदतीस पात्र ठरली तर एक लाख रुपये मिळतात, ३० हजार हाती आणि ७० हजार खात्यात ठेव म्हणून. पात्र की अपात्र हे जिल्हाधिकाऱ्यांची समिती ठरवते: नापिकी होती का, कर्ज अधिकृत संस्थेचे होते का, वसुलीचा तगादा होता का. दारात आलेली माणसे असे प्रश्न विचारत असताना ओसरीवर बसून राहणारा एक मित्र असला तर घराला धीर येतो. वर्गातला भला गडी बऱ्याचदा हाच असतो, ज्याने दुसऱ्याला कधी नाही म्हटले नाही, उसनवारी फिरवली, आणि स्वतःचे काही कोणाला सांगितले नाही. ग्रुपवर त्याच्याविषयी फार लिहिले जात नाही. आपण फोन करायला हवा होता, हे वाक्य प्रत्येकाच्या मनात असते आणि कोणी ते टाइप करत नाही.

फलक, झाड आणि ठेव

आठवणीसाठी सर्वांत लवकर उभा राहतो तो चौकातला फ्लेक्स. वर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, मध्ये गेलेला, आणि खाली ‘शोकाकुल’ म्हणून वीस-पंचवीस जिवंतांचे फोटो, काहींचे गॉगल लावलेले. पंधरा दिवसांत तो वाऱ्याने फाटतो आणि कोणाच्या तरी कुटारावर झाकण म्हणून जातो. तेवढा तरी उपयोग.

झाड लावले जाते ते जुलैत किंवा १५ ऑगस्टला शाळेच्या आवारात, बहुधा कडुनिंब किंवा वड. फोटो निघतो. झाडाची परीक्षा एप्रिलमध्ये, शाळेची बोअर आटल्यावर असते. तोवर ज्या शाळेच्या शिपायाला झाडाशी कोणाचे नाव जोडले आहे ते माहीत असते, तिथे ते जगण्याची शक्यता जास्त. मित्रांनी लावलेले झाड मित्र नसलेल्या माणसाच्या घागरीवर जगते. थंड पाण्याच्या यंत्राचेही तसेच: यंत्र वर्गणीतून येते, दरवर्षीच्या फिल्टरसाठी वर्गणी निघत नाही.

रक्तदान शिबिर हा यातला चोख प्रकार. एका वेळी साडेतीनशे मिलिलिटर रक्त, पुरुषाला तीन महिन्यांनी पुन्हा देता येते. पुण्यतिथी उन्हाळ्यात येत असेल तर फारच उत्तम, कारण सुट्ट्यांमुळे तेव्हाच रक्तपेढ्यांत तुटवडा असतो. दिवसभरात काम संपते, हिशोब उरत नाही.

ठेवीवरचे बक्षीस मात्र पिढ्यान्‌पिढ्या चालावे अशी अपेक्षा असते, आणि अडचण तिथेच आहे. पन्नास हजारांची ठेव सात टक्क्यांनी वर्षाला साडेतीन हजार देते. पूर्वी कोणी पाच हजार ठेवले असतील, तर त्याचे साडेतीनशे येतात. त्यात एक कंपास आणि थोड्या वह्या. ठेवीचे नूतनीकरण, मुख्याध्यापकांची बदली किंवा निवृत्ती, खात्यावरच्या सह्या, यांत कुठेतरी बक्षीस बंद पडते आणि ते बंद पडल्याचे कोणाला कळत नाही. शिवाय बक्षीस कोणाला? बहुधा दहावीत पहिल्या येणाऱ्याला. ज्याचा कधी पहिला नंबर आला नाही, जो स्वतःचा प्रश्नसंच दुसऱ्याला देऊन मोकळा झाला, त्याच्या नावाची ढाल दरवर्षी पहिल्या नंबराला मिळते. त्यापेक्षा त्या साडेतीन हजारांत एका मुलाचा एसटी पास काढून दिला तर ते त्याच्या स्वभावाला अधिक शोभेल.

स्नेहमेळाव्यातली हजेरी

या सगळ्याचा शेवट स्नेहमेळाव्यात होतो, आणि तो बहुधा दिवाळीच्या सुटीत भरतो. पुण्या-मुंबईचे आलेले असतात. गावच्यांची मात्र ओढाताण असते. सोयाबीन निघून मार्केटला जायचे असते, हरभऱ्याची पेरणी तोंडावर असते, तुरीला फुलोरा असतो. तरी सकाळी दहाला शाळेच्या मैदानात माणसे जमतात. प्रार्थना होते, राष्ट्रगीत होते, दिवंगत शिक्षक आणि विद्यार्थ्यांसाठी दोन मिनिटे उभे राहणे होते. मग सगळे आपल्या जुन्या वर्गात जाऊन बाकांवर बसतात. बाक आता पोटाला लागतो.

थकलेले एखादे सर किंवा बाई खुर्चीवर बसून हजेरी घेतात. यादी ग्रुपवरून नसते, शाळेच्या दप्तरातून उतरवून आणलेली असते, म्हणून तिच्यात मुली माहेरच्या नावाने येतात आणि मेलेलेही येतात. क्रमाने नावे पुकारली जातात, ‘यस सर’, ‘हजर’, हशा. गेलेल्याचे नाव आले की काय करायचे हे बॅचगणिक वेगळे आहे. कुठे सर ते नाव गाळतात. कुठे ते पुकारून क्षणभर थांबतात आणि पुढच्या नावाकडे जातात. कुठे मागच्या बाकावरून कोणीतरी ‘हजर’ म्हणतो, आणि सर वर न पाहता खूण करतात.

ज्या दप्तरातून ही यादी निघते त्याला जनरल रजिस्टर म्हणतात. शाळेची इतर कागदपत्रे ठरावीक वर्षांनी नष्ट करता येतात. हे कायमचे जपायचे असते. त्यात विद्यार्थ्याचे नाव, जन्मतारीख, जन्मगाव, जात, दाखल झाल्याची तारीख आणि शाळा सोडल्याची तारीख असे रकाने असतात. शाळा सोडल्यानंतर तो कधी वारला यासाठी रकाना नाही. त्याच्या नावासमोर ‘शाळा सोडण्याचे कारण’ या रकान्यात शेवटची नोंद आहे ती ‘इयत्ता दहावी उत्तीर्ण’ अशी.